बासोड्याच्या दिवशी गरम पाणी

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते खोडून काढण्यासाठी. हातात पेन्सिल घेऊन, समासात 'पुरावा?' असं लिहीत. वडाखाली दिसलेली बाई, आपोआप उघडलेलं दार, मेलेल्या काकांनी मारलेली हाक... मला या सगळ्याची चीड आहे आणि ती अजून गेलेली नाही. अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं मी स्वतः लिहिते, स्टेन्सिल स्वतः कापते. जयपूरला राहत होतो तेव्हा चारदीवारीत, तटाच्या आतल्या जुन्या शहरात, भर बाजारात उभी राहून ती वाटायचे. एका जवाहिऱ्याने माझ्यासमोर पत्रक चुरगाळून गटारात टाकलं, तर मी ते तसंच ओलं उचलून परत त्याच्या पांढऱ्या गादीवर ठेवलं होतं. मी कोणत्या बाजूची आहे ते कळावं, म्हणून हे सांगते.

पत्रकं काढणाऱ्या आमच्या गटातले मित्र म्हणाले, हे लिहू नकोस, समोरच्याच्या हातात काठी दिल्यासारखं होईल. मी म्हटलं, जे झालं ते झाकायचं असेल तर आपल्यात आणि बुवा-बाबांत फरक काय?

तर जसं झालं तसं लिहिते.

आम्ही मूळचे अकोल्याकडचे, बौद्ध. बाबा मीटरगेजवर काटेवाले म्हणून लागले — रुळांचे खटके ओढायचे, सिग्नल द्यायचा, हे काम — आणि बदल्या होत होत राजस्थानात आले. माझा जन्म जयपूरचा, शाळा हिंदी. मराठी शिकले ती आईकडून आणि पोस्टाने येणाऱ्या अंकांमधून. मध्येच 'मतलब' आलं तर चालवून घ्या.

साल १९८५, मार्च महिना. बाबा त्या उन्हाळ्यात रिटायर होणार होते. क्वार्टर सोडून आम्ही कायमचे अकोल्याला परतणार होतो. जाण्याआधी मला एक पत्रक पुरं करायचं होतं : लहान स्टेशनांवरचं पिण्याचं पाणी. जयपूरहून सवाई माधोपूरकडे जाणाऱ्या मार्गावर संस्थानी काळातली छोटी स्टेशनं आहेत. दगडी भिंती, कमानी, ओसरी, टांगलेला रुळाचा तुकडा, त्यावर टोल. लोक त्यांचे फोटो काढतात, कारण ती सुंदर दिसतात. मी फोटो काढायला निघाले होते तिथल्या माठांचे. एका दिवसात जाऊन यायचं — दुर्गापुरा, चाकसू आणि पुढचं एक, ज्याला मी इथे काकरवास म्हणते. हे खरं नाव नाही. खरं दिलं तर आज तिथे जो माणूस नोकरी करतो त्याच्याकडे बोट दाखवल्यासारखं होईल.

दिवस मी मुद्दाम जत्रेचा निवडला. होळीनंतरच्या अष्टमीला चाकसूला शीतलामातेची मोठी जत्रा भरते. गोवर, कांजिण्या म्हणजे देवीचा कोप, असं मानणारी माणसं पोराबाळांना घेऊन लोटतात. पाण्याची मारामार त्या दिवशी उघडी पडेल, असा माझा हिशोब. या सणाला तिकडे बासोडा म्हणतात. आदल्या रात्री रांधून ठेवायचं आणि त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. सगळं शिळं, सगळं थंड. आग दिसली की देवी कोपते म्हणे. मी तर त्याच दिवशी मुद्दाम स्टोव्ह पेटवून चहा करायचे, खिडकी उघडी ठेवून.

आदल्या संध्याकाळी जेवताना आई म्हणाली, "मी बी येते उद्या."

आई कधी कुठे येत नसे. मी हसले. म्हटलं, तू काय माठ बघणार?

"तू माठं पाह्य. मले काकरवास पाह्याचं हाय."

बाबांचा घास हातातच राहिला. ते उठले आणि हात धुवायला गेले. माझ्या जन्माआधी बाबांची पोस्टिंग काकरवासला होती, एवढंच मला माहीत होतं. त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नसे.

सकाळी जयपूर स्टेशनवर बघते तर आईच्या पिशवीत पितळी कळशी. पाण्याची बाटली घेतली आहे, ही कशाला, मी विचारलं. "असू दे," म्हणाली. गाडी लागल्यावर ती डब्यात बसलीच नाही. प्लॅटफॉर्मभर चालत पुढे गेली, इंजिन पाहिलं आणि परत आली.

"हे काय वं, सुजी? कोळशाचं इंजन नाई?"

मी सांगितलं की या पॅसेंजरला आता डिझेल लागतं, कोळशाची राहिली ती कुठे कुठे मालगाड्यांना. वर थोडं भाषणही दिलं... धूर नाही, काजळी नाही, प्रगती आहे.

"ह्याच्यात गरम पाणी नसते?"

"नसतं, आई."

ती पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

दुर्गापुऱ्याला जत्रेकरू बायका चढल्या, डोक्यावर शिळ्या अन्नाच्या टोपल्या. तिथल्या माठाला तडा होता आणि पाणी काढायला डवली नव्हती. फोटो काढला. चाकसूला डबा रिकामा झाला. गर्दीमुळे गाडी बराच वेळ थांबली, मी उतरून पत्रकं वाटली. एका बाईने पत्रक घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि त्यात पोराची पुरी गुंडाळली. आई खिडकीतून बघत होती. म्हणाली, "कामी आला तुहा कागद." त्या दिवसातली ती एकच थट्टा.

चाकसू सुटलं. डब्यात आम्ही दोघीच उरलो. तेव्हा आईने सांगितलं.

"सुजी, तुह्याआधी एक होती."

माझी मोठी बहीण. चिमी म्हणायचे तिला. भिंतीला धरून चालायला लागली होती. काकरवासला गोवर निघाला आणि ताप डोक्यात गेला. तो दिवस बासोड्याचा होता. पोर दूध घेत नव्हती, थंड दूध ओकत होती, म्हणून आईने सकाळी चार काटक्या लावून वाटीभर दूध कोमट केलं. धूर शेजारच्या क्वार्टरांतून दिसला. दुपारपर्यंत चिमी गेली. आणि सगळ्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की या परक्या बाईने चूल पेटवली, देवी कोपली, पोर नेली.

आमच्याकडे मेलेल्या माणसाला शेवटची आंघोळ गरम पाण्याने घालतात. काकरवासला गोडं पाणी नव्हतं. गाडीने टाकी यायची, ती त्या दिवशी संपली होती. गावच्या विहिरीवर आम्हाला पाय ठेवू देत नसत. आणि पाणी मिळालं असतं तरी चूल कोण पेटवू देणार? राहता राहिलं इंजिन. कोळशाच्या इंजिनाला पायरीखाली एक वाकडी नळी असायची, ड्रायव्हरने सोडलं की तिच्यातून उकळतं पाणी यायचं. क्वार्टरातल्या बायका एरवी तेच न्यायच्या. पॅसेंजरचे म्हातारे ड्रायव्हर रहीमचाचा आईलाही द्यायचे, कुणाची कोण ते न विचारता. आदल्या वर्षी बासोड्यालाही दिलं होतं. हसून म्हणाले होते, ही सरकारी आग आहे, हिला बासोडा नसतो.

त्या दुपारी आई कळशी घेऊन प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभी राहिली. गाडी आली. तेव्हाच्या स्टेशन मास्तरने तिला अडवलं. सुतकाची बाई, त्यात आमच्यातली, जत्रेच्या गाडीच्या इंजिनाला हात लावणार? उतारू बोंब मारतील. त्याने गाडी लगेच काढायला सांगितली. सिग्नल द्यायचा होता बाबांना.

बाबांनी दिला.

रहीमचाचांना काही माहीतच नव्हतं. सिग्नल पडला, त्यांनी गाडी काढली. चिमीला ओल्या पदराने पुसून तसंच पुरलं.

मी पेटले. मला त्या मास्तरचं नाव हवं होतं, तो कुठल्या गावचा, त्याची पेन्शन कुठे जाते, सगळं. आईने खिडकीबाहेर बघतच सांगितलं, "मेला असंन तो. मले त्याचं काई नाई. आपण आता जाणार. परत कोण येते इथं? मले तिले एकदा आंघोळ घालाची हाय, बस."

थोड्या वेळाने म्हणाली, "पण हे इंजन कोळशाचं नाई."

काकरवासला उतरणाऱ्या आम्ही दोघीच. एक ओसरी, एक खोली, खिडकीवर गंजलेली जाळी. मास्तर तरुण होता, अजमेरकडचा, लाजरा. मी फोटो काढते म्हटल्यावर त्याने घाईने टोपी घातली. माठाचा काढायचा आहे हे कळल्यावर जरा हिरमुसला. चहा नाही म्हणून माफी मागितली. आज बासोडा. वर्तमानपत्रावर थंड पुऱ्या आणि दहीभात आणून ठेवला. माठातलं पाणी स्वतःच्या हाताने दिलं, आणि आईच्या हातात पेलाच दिला. आई तो पेला धरून बघत राहिली, मग प्यायली.

मी त्याला सांगितलं, थोडं पाणी तापवायचं आहे, स्टोव्ह द्या. तो कासावीस झाला.

"बहनजी, मेरी घरवाली पेट से है. आज के दिन मत कहिए."

मी माझं भाषण सुरू केलं. जंतू, लस, शिक्षण. मग म्हटलं, तुमची हद्द सोडून बाहेर काटक्या लावते, मग तर झालं? आणि खरंच पिशवीतून काडेपेटी काढली. आईने माझं मनगट धरलं.

"नको. एकदा पेटवली होती."

वाचकहो, मला त्या क्षणी जेवढा राग आला तेवढा आयुष्यात आला नाही. त्या जुन्या मास्तरचाही नाही. म्हणजे एवढी वर्षं ही बाई तेच मानत होती! घरात बुद्धाची तसबीर, मुलगी असली पत्रकं छापणारी, आणि ही रोज चूल पेटवताना मनात म्हणत होती, की मीच मारली. आणि मला ते कधी कळलं नाही, कारण तिने कधी कळू दिलं नाही.

मी काडेपेटी ठेवून दिली.

परतीची गाडी संध्याकाळची होती. आईने जागा लगेच शोधली. मालधक्क्याच्या मागे एक खेजडीचं झाड, त्याच्याजवळ हद्दीचा खांब म्हणून उभा पुरलेला रुळाचा तुकडा. ती तिथे सावलीत बसली, कळशी शेजारी. मी ओसरीवर येऊन मास्तरशी पाण्याच्या टाकीबद्दल बोलत बसले. टाकी आता नव्हती. गावाकडे एक हातपंप होता, लांब, लाल पाण्याचा. स्टेशनवर पाणी म्हणजे तो एक माठ.

मध्येच मी मान वर केली तर आई सावलीतून उठली होती. कुणी हाक मारल्यावर उठावं तशी, चटकन. कळशी घेऊन ती प्लॅटफॉर्मच्या टोकाला गेली. आता हे नीट समजून घ्या : त्या टोकाला पूर्वी दुसरी लाइन होती, जिच्यावर पॅसेंजर थांबायची. ती लाइन उखडून नेली होती. स्लीपरचे खड्डे होते, खडी होती, तणही उगवलं होतं. रूळ नव्हता. तिथे आई उभी राहिली. पदर हाताभोवती गुंडाळला, वाकली, कळशी दोन्ही हातांनी पुढे धरली आणि तोंड बाजूला वळवलं... वाफ अंगावर येऊ नये म्हणून बायका वळवतात तसं.

मी उठलेच नाही. मास्तरसमोर मला संकोच वाटला. मनात म्हटलं, दुःखाने माणूस असं करतं, करू दे.

मग ती वळली आणि चालू लागली, आणि तिच्या चालण्यावरून मला दिसलं की कळशी भरलेली आहे. जड कळशी घेऊन बाई एका बाजूला कलते, तशी ती कलली होती. मी धावले. जवळ गेल्यावर वाफ दिसली.

"गरम हाय. हात नको लावू."

मी लावला. मनगटाच्या आतल्या बाजूला फोड आला. डाग अजून आहे. कळशी गळ्यापर्यंत भरलेली. पाण्यावर तेलाचा पातळ तवंग, आणि वास... रेल्वे कॉलनीत वाढलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. कोळसा, ग्रीस, ओलं लोखंड. आई उभी होती तिथली खडी तव्याएवढ्या जागेत भिजली होती, काळपट.

मास्तर मागून आला. वाफ बघून त्याचा चेहरा उतरला. तो आईवर रागावला, हळू आवाजात, पण रागावलाच. "माताजी, चूल्हा कहाँ जलाया?" तो मालधक्क्यामागे गेला, झाडामागे गेला, राख शोधत फिरला. राख कुठेच नव्हती. मग त्याने ती ओली खडी पाहिली. चिमूटभर उचलून हुंगली आणि खाली टाकली.

"यहाँ तो लाइन ही नहीं है," एवढंच म्हणाला.

आई त्याला म्हणाली, तिच्या मोडक्या हिंदीत, की इथे तिची मुलगी आहे. तिला नहाण घालायचं राहिलं होतं. बस, तेवढंच.

खेजडीखाली आईने कळशी ठेवली आणि कोपर बुडवून पाहिलं. तान्ह्या मुलाच्या पाण्यात बायका कोपर बुडवतात तसं. चटका बसला, काढून घेतलं. पदराने वारा घालत बसली. मी शेजारी उभी.

मास्तर ओसरीवर गेला आणि लोटा भरून माठातलं पाणी घेऊन आला.

"ठंडा मिला दीजिए, माताजी. बच्ची जल जाएगी."

आईने त्याच्याकडे पाहिलं. लोटा घेतला, कळशीत ओतला. पुन्हा कोपर. मग ओंजळीने पाणी जमिनीवर सोडायला लागली — आधी डोकं, मग छाती, मग पाय, असं. मला त्या कोरड्या मातीत काहीच दिसत नव्हतं, पण तिचे हात कुठे वळतात त्यावरून चिमी केवढी होती ते मला कळलं.

सगळं झाल्यावर तिने हात पुसले. म्हणाली, "चुलीनं नाई गेली ती. गोवरानं गेली." मला सांगत होती की स्वतःला, माहीत नाही. माझ्या एकाही पत्रकाने तिच्या तोंडून हे वदवलं नव्हतं.

आता माझं काम मी केलं, तेही सांगते. उन्हाने तापलेलं पाणी? मार्चचं ऊन असं उकळत नाही, आणि सकाळपासून कळशी रिकामी होती, मी स्वतः तिच्यात कॅमेऱ्याचं कातडी कव्हर ठेवलं होतं. हातपंप? लांब, आणि त्याचं पाणी लाल. कुणी गुपचूप तापवून दिलं? बासोड्याला, त्या गावात? एखादं कोळशाचं इंजिन आलं असेल आणि मला दिसलं नसेल? मास्तर माझ्या शेजारी बसला होता, त्याने कुठल्याच गाडीला लाइन दिली नव्हती. जयपूरला ओळखीच्यांकडून कंट्रोल ऑफिसातही विचारलं. आमच्या दोन गाड्यांच्या मध्ये त्या स्टेशनावरून काहीही गेलं नव्हतं. आईला विचारलं तर म्हणाली, उभी राहिले, पाणी आलं. कोण होतं? म्हणाली, वाफेत काही दिसत नसते.

कुणी तिथे जाऊन दिवा लावायचा, दगडाला शेंदूर फासायचा विचार करत असेल तर आत्ताच सांगते — पहिला हातोडा माझा असेल. ज्या पोरीला गोवर झाला तिला डॉक्टर हवा होता आणि तिच्या आईला पाणी हवं होतं. दोन्ही माणसांनी द्यायचं होतं. दिलं नाही. हे पत्रकात छापलं आहे. बाकीचं छापता आलं नाही, ते इथे लिहिते आहे.

रात्री आम्ही घरी पोहोचलो. बाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी आईच्या हातातून पिशवी घेतली, कळशी बाहेर काढली. आत बोट फिरवलं. बोटाला काळपट तेलकट कड आली. ती त्यांनी दिव्याकडे धरून पाहिली, मग नाकाशी नेली. उभं आयुष्य इंजिनांच्या वासात काढलेला माणूस.

"गाडी थांबली?" बाबांनी विचारलं.

आई चपला काढत होती.

"थांबली."

कोणती गाडी, हे बाबांनी विचारलं नाही. मी मात्र अजून विचारते आहे, आणि समासात लिहिलेल्या त्या 'पुरावा?'पुढे माझ्याकडे मनगटावरच्या या डागाखेरीज काही नाही.